तात्यांचं घड्याळ आणि लोणावळ्याचे फाळके

हा लेख दादासाहेब फाळक्यांवर आहे. पण सुरुवात माझ्या वायडीपासून करावी लागणार, त्याला इलाज नाही. नाहीतर मेकॅनिकलचा एक मुलगा सिनेमावाल्या माणसाच्या मागे का लागला, हे तुम्हाला कळायचं नाही.

सेकंड इयरला माझे विषय राहिले आणि वर्ष गेलं. घरी सांगितलं तेव्हा बाबा दोन दिवस बोलले नाहीत. आजोबांनी, म्हणजे आमच्या तात्यांनी, मात्र हातातलं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. एचएमटी जनता. सतरा ज्वेलचं, रोज सकाळी चावी द्यावी लागते असं. प्राथमिक शाळेत मास्तर म्हणून लागल्यावर पहिल्या वर्षाच्या पगारातून घेतलेलं. म्हणाले, वेळ गेलेली दिसते तुझी, हे ठेव जवळ. टोमणा होता की आशीर्वाद, मला अजून कळलेलं नाही.

जुलैत लोणावळ्याला आलो. इथला पाऊस तुम्हाला सांगायला नको. गादी, जर्नल, चपला, सगळ्याला बुरशी. घड्याळाच्या काचेच्या आत धुकं धरायला लागलं. मी मागचं झाकण उघडलं, मशीन बाहेर काढलं आणि डायलवरचे डाग ओल्या कापसाने पुसायला गेलो. दोनदा पुसलं असेल नसेल, कापूस काळा झाला. बघतो तर डायलवर देवनागरीत छापलेली जनता ही अक्षरंच निघून आली होती. सोबत चार-पाच मिनिटांच्या रेघाही गेल्या. पन्नास वर्षं टिकलेली शाई मी एका मिनिटात उडवली.

 एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगलोरला घड्याळं करायला घेतली आणि २०१६ साली सरकारने तो घड्याळांचा धंदा बंद करायचा निर्णय केला. म्हणजे नवी डायल मिळायची नाही. बाजारात जुन्या मशीनवर रंगवलेल्या डायल मिळतात, पण त्या दुरूनसुद्धा नव्या दिसतात. दिवाळीला घरी जायचं होतं, आणि तात्या हात पुढे करून घड्याळ बघणार होते. तेव्हा मी ठरवलं, आपणच डायल बनवायची. हुबेहूब, आणि मुद्दाम जुनी केलेली. म्हणजे सरळ भाषेत, तात्यांना फसवायचं.

पितळेचा पातळ पत्रा आणला. तीस मिलिमीटरला जरा कमी व्यासाची चकती कापली. डायलचं डिझाइन कॉम्प्युटरवर काढलं, लेझर प्रिंटरवर गुळगुळीत कागदावर प्रिंट मारली आणि इस्त्रीने ती पितळेवर चिकटवली. इलेक्ट्रॉनिक्सवाले पीसीबी करतात तसंच. टोनर जिथे बसतो तिथे धातू झाकला जातो, उघडा राहिलेला भाग फेरिक क्लोराइड खातं. आकड्यांच्या खाचा पडल्या की त्यात काळा रंग भरायचा. पहिली डायल बाहेर आली तेव्हा रूमपार्टनर पोट धरून हसला. सगळे आकडे उलटे होते, आरशात बघितल्यासारखे. कागद पालथा पडतो म्हणून चित्र आधी उलटं करून घ्यावं लागतं, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या डायलच्या वेळी आकडे सुलटे आले, पण बारीक रेघा फुगल्या. ॲसिड नुसतं खाली जात नाही, बाजूनेही खातं. लॅबच्या मामांना दाखवलं. ते म्हणाले, हे काम पूर्वी ब्लॉकवाले करायचे, छापखान्यातले. लायब्ररीत बघ काही मिळतं का. मी ब्लॉकमेकिंगचं काही शोधायला गेलो आणि हाती लागलं दादासाहेब फाळक्यांचं चरित्र. उघडलं ते पान नेमकं लोणावळ्याचं होतं.

फाळके म्हणजे राजा हरिश्चंद्र आणि फाळके म्हणजे पुरस्कार, एवढंच आपल्याला माहीत असतं. पण सिनेमा काढण्यापूर्वी हा माणूस आपल्या या लोणावळ्यात ब्लॉक करत होता, धातूच्या पत्र्यावर ॲसिडने चित्रं कोरत होता, हे मला नवीन होतं. त्या रात्री मी ते पुस्तक संपवलं. दुसऱ्या दिवशी थर्मोची टेस्ट होती, तिचं काय झालं ते विचारू नका.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईत विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवायची नोकरी मिळाली आणि बिऱ्हाड मुंबईला आलं. शास्त्रीबुवांच्या घरातला मुलगा, त्याने पोथ्या वाचाव्यात अशी अपेक्षा असणार. पण याचं लक्ष चित्रांत. १८८५ मध्ये तो जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला आणि तिथला चित्रकलेचा एक अभ्यासक्रम पुरा करून थोरल्या भावाबरोबर बडोद्याला गेला.

बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं होतं. नुसतं चित्रकलेचं नव्हे. तिथे सुतारकाम, रंगाई, यंत्रकाम सगळं शिकवत. आजच्या भाषेत पॉलिटेक्निक म्हणा. प्रमुख होते प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर, रसायनशास्त्राचे जाणकार. फाळके तिथे तैलचित्रं शिकले, मातीकाम शिकले, वास्तुकलेतही डोकं घातलं. एक स्थिरचित्रांचा कॅमेरा विकत घेतला आणि फोटो काढणं, धुणं, छापणं स्वतःच करून बघायला लागले. १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाचं मॉडेल करून त्यांनी सुवर्णपदकही मिळवलं. गज्जरांनी हा मुलगा ओळखला. तीन रंगांचे ब्लॉक, फोटोलिथो ट्रान्स्फर आणि डार्करूमचं काम शिकायला त्यांना रतलामला पाठवलं. परत आल्यावर कलाभवनचा फोटो स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरायला दिली.

इथपर्यंत वाचताना वाटतं, काय नशीबवान माणूस. पुढचं पान मात्र वेगळं आहे. फाळक्यांनी गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा मांडला. मग प्लेग आला. १९०० च्या सुमाराला त्यात त्यांची बायको आणि मूल दोन्ही गेले. ते बडोद्याला परतले, पुन्हा स्टुडिओ काढला. पण कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो, फोटो काढला की माणूस लवकर मरतो, असा समज तेव्हा होता. गिऱ्हाईक येईना. स्टुडिओ बसला. मग नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवले. एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकून घेतली आणि प्रोफेसर केल्फा नावाने जादूचे प्रयोग केले. फाळके हे नाव उलटं वाचा, केल्फा. माझी उलटी डायल मला इथे आठवली.

१९०२ मध्ये त्यांनी दुसरं लग्न केलं. गिरिजा करंदीकर, लग्नानंतरच्या सरस्वतीबाई. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची नोकरी लागली. सरकारी नोकरी, महिन्याचा पगार. पण बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीचं वारं सुटलं आणि १९०६ मध्ये फाळक्यांनी ती सोडली. वय छत्तीस. आणि ते आले लोणावळ्याला.

लोणावळ्यालाच का? याचं उत्तर आपल्या शेजारच्या मळवलीत आहे. भाजे लेण्यांना किंवा लोहगडाला जाताना लोकलमधून आपण सगळेच मळवलीला उतरतो. राजा रविवर्म्याचा छापखाना तिथे होता. रविवर्म्याने १८९४ मध्ये तो मुंबईत सुरू केला आणि १८९९ मध्ये मळवलीला हलवला. प्लेगाने मुंबई रिकामी होत असण्याचे ते दिवस. आपल्या आजी-पणजीच्या देवघरातली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं आठवा, त्यातली कितीतरी या मावळातल्या छापखान्यातून देशभर गेली. रविवर्म्याला तो धंदा परवडला नाही. कर्ज झालं, आणि काही वर्षांतच छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या ताब्यात गेला. रविवर्मा स्वतः २ ऑक्टोबर १९०६ ला वारला, म्हणजे फाळके लोणावळ्यात आले त्याच वर्षी.

फाळक्यांनी लोणावळ्यात फाळके एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स या नावाने कारखाना काढला. मुख्य काम रविवर्मा प्रेसला फोटोलिथो ट्रान्स्फर करून द्यायचं. हे काम काय ते थोडक्यात सांगतो, कारण ते आपल्या कामाचं आहे.

लिथोचा दगड सपाट असतो, त्यावर कोरलेलं काही नसतं. तेलकट शाई आणि पाणी एकत्र येत नाहीत, एवढ्या एका गोष्टीवर सगळा खेळ. दगडावर तेलकट रेघेने चित्र काढायचं, दगड ओला करायचा, शाईचा रूळ फिरवायचा. शाई रेघेवर बसते, ओल्या भागावर बसत नाही. रंगीत चित्राला प्रत्येक रंगाचा वेगळा दगड. आणि दगडावर सगळं उलटं काढायचं, म्हणजे कागदावर सुलटं उमटतं. हाताने हे करायला कसबी कारागीर आणि आठवडेच्या आठवडे लागत. फोटोलिथोमध्ये मूळ चित्राचा फोटो घ्यायचा, प्रकाशाने कडक होणारा जिलेटिनचा थर दिलेल्या कागदावर तो उतरवायचा, शाई लावायची आणि कागद दगडावर पालथा दाबायचा. चित्र दगडावर जातं, तेही आपोआप उलटं होऊन. माझी इस्त्री आणि टोनर म्हणजे याचंच शंभर-सव्वाशे वर्षांनंतरचं हॉस्टेल मॉडेल.

पुढे त्यांनी हाफटोन ब्लॉक आणि तीन रंगांची छपाईही सुरू केली. हाफटोनमध्ये बारीक रेघांच्या काचेतून फोटो घेतात, त्यामुळे चित्राचे लहान-मोठे ठिपके होतात. ते तांब्याच्या पत्र्यावर उतरवायचे आणि मधली जागा फेरिक क्लोराइडने खायला घालायची. जस्ताचा पत्रा असेल तर नायट्रिक ॲसिड. आणि ॲसिड बाजूने खातं तो माझा प्रश्न? त्यावर ब्लॉकवाल्यांचा जुना तोडगा होता. थोडं खाऊ द्यायचं, पत्रा बाहेर काढायचा, लाल राळेची पूड रेघेच्या कडेला ब्रशने बसवायची, गरम करून वितळवायची, पुन्हा ॲसिडमध्ये. असं तीन-चार वेळा, चारही बाजूंनी. मी राळ आणायला गेलो नाही. पण घाई न करता दोन-दोन मिनिटांनी पत्रा बाहेर काढून भिंगातून बघायला लागलो. तिसऱ्या डायलच्या रेघा केसासारख्या आल्या.

काम वाढलं तसा फाळक्यांचा कारखाना मुंबईला दादरला गेला. १९०८ मध्ये पुरुषोत्तम मावजी भागीदार झाले, नाव झालं लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणायला फाळके जर्मनीला जाऊन आले. छपाईचं नाव झालं. आणि मग भागीदाराशी पटेना. फाळके प्रेसमधून बाहेर पडले. हाती काही न घेता. चाळिशी ओलांडलेली, घरात मुलंबाळं, आणि पंधरा-वीस वर्षांचं कसब ज्या यंत्रांवर चालवायचं ती यंत्रं दुसऱ्याची.

याच काळात, १९११ च्या एप्रिलमध्ये, गिरगावातल्या एका तंबूत त्यांनी मुलाबरोबर प्राण्यांचा एक सिनेमा बघितला. दुसऱ्या दिवशी सरस्वतीबाईंना घेऊन पुन्हा गेले, तेव्हा येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा लागला होता. आपले राम-कृष्ण असे पडद्यावर हलताना दिसले तर? त्या विचाराने त्यांची झोप उडाली, अगदी खरोखर. दिवसरात्र सिनेमे बघायचे, पुस्तकं मागवायची, छोटा कॅमेरा आणि रिळं आणून प्रयोग करायचे. झोप जेमतेम तीन तास. डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ दिसेनासं झालं. मुंबईच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी तीन-चार चष्म्यांच्या आधाराने त्यांची नजर परत आणली. चित्रकार, फोटोग्राफर, ब्लॉकमेकर. या माणसाचे डोळे गेले असते तर काय उरलं असतं, याचा विचार करा.

पैशासाठी त्यांनी आयुर्विम्याच्या बारा हजारांच्या पॉलिसी तारण ठेवल्या आणि दहा हजार रुपये उभे केले. १ फेब्रुवारी १९१२ ला बोटीने लंडन. तिथे बायोस्कोप साप्ताहिकाच्या संपादकांनी आणि सेसिल हेपवर्थ या निर्मात्याने त्यांना मदत केली, स्टुडिओ दाखवला. पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा घेऊन ते एप्रिलमध्ये परत आले.

आता माझा आवडता भाग. पैसे लावणाऱ्यांना विश्वास वाटावा म्हणून फाळक्यांनी पहिला सिनेमा काढला तो वाटाण्याच्या रोपाचा. कुंडीत बी लावलं, समोर कॅमेरा ठेवला, आणि महिनाभराहून जास्त काळ रोज एक फ्रेम घेतली. दाखवली तेव्हा बघता बघता बी फुटलं, रोप वाढलं, वेल झाला. तात्यांचं घड्याळ सेकंदाला पाच ठोके देतं. बॅलन्स व्हील थांबतं, उलट फिरतं, तेवढ्याच तालात काटा एक घर पुढे. वेळेचे असे तुकडे करून ते पुन्हा जोडायचे, हीच युक्ती फाळक्यांनी रोपावर केली, फक्त त्यांचा ठोका चोवीस तासांचा होता. आजचा टाइमलॅप्स त्यांनी १९१२ मध्ये दादरला हाताने केला.

राजा हरिश्चंद्र सात महिने चालला. कोरी फिल्म यायची तिला कडेची भोकं नसत. ती अंधारात, हाताने यंत्र चालवून, सरस्वतीबाई पाडायच्या. एक भोक चुकलं तर फिल्म कॅमेऱ्यात अडकणार. त्याच बाईंनी उन्हात पांढरे कापड धरून कलाकारांच्या तोंडावर उजेड पाडला आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही केला. तारामती करायला बाई मिळेना म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला साडी नेसवली. रोहिदास झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. सिनेमा ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लोकांसाठी लागला, आणि पुढचं सगळं आपल्याला जनरल नॉलेजच्या पुस्तकात भेटतं.

पण पुस्तक मिटायच्या आधी शेवटही वाचा. नाशिकला कारखाना गेला. १९१७ च्या लंकादहनने भरपूर पैसा दिला, १९१९ च्या कालियामर्दनमध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आणि गाजली. १९१८ मध्ये भांडवलदारांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी झाली. पुन्हा भागीदारांशी पटलं नाही, पुन्हा बाहेर. काशीला जाऊन राहिले, नाटक लिहिलं, परत आले. बोलपट आले तेव्हा त्यांचं मूकपटाचं कसब एका रात्रीत जुनं झालं. १९३७ मध्ये कोल्हापूरला गंगावतरण हा त्यांचा एकमेव बोलपट आला, तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला गेले, तेव्हा त्यांच्यामागे ना कंपनी होती ना पैसा. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ मध्ये सुरू झाला. म्हणून अपयश ही यशाची पायरी वगैरे सुविचार मी इथे लिहिणार नाही. फाळक्यांच्या बाबतीत पायऱ्या वरही गेल्या आणि खालीही आल्या.

त्यांच्या कामाचंही तसंच. राजा हरिश्चंद्रच्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं एवढीच पुण्याच्या फिल्म अर्काइव्हमध्ये आहेत, आणि काही अभ्यासकांच्या मते तीही १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या हरिश्चंद्राची आहेत. तेव्हाची फिल्म नायट्रेटची. ती आपोआप कुजते, चिकट होते, पेट घेते. मळवलीचा छापखानाही १९७२ मध्ये आगीत गेला. खरं जुनेपण असं असतं. ते खाऊन टाकतं.

आणि मी इकडे मेसच्या अंड्याने जुनेपण बनवत होतो. पद्धत सांगतो. केमिस्ट्री लॅबमधून थोडं सिल्व्हर नायट्रेट मागून आणलं. मिठाच्या पाण्यात घातलं की पांढरा साका बसतो, सिल्व्हर क्लोराइडचा. त्यात मीठ आणि क्रीम ऑफ टार्टार मिसळून ओल्या कापडाने पितळेवर घासलं की पितळेवर चांदीचा पातळ थर चढतो. जुन्या भिंतीवरच्या घड्याळांच्या डायल अशाच रुपेरी करत. मग उकडलेलं अंडं कापून डायलबरोबर बंद डब्यात ठेवलं. अंड्यातून गंधकाचा वायू निघतो, चांदी आधी पिवळसर होते, मग तपकिरी, मग निळी-काळी. पिवळसर झाली की बाहेर काढायची. खरं सांगतो, अप्रतिम रंग आला होता. पन्नास वर्षांचं जुनं वाटावं असा. रूममध्ये वासाने कोणी बसेना, रेक्टर सर दोनदा चौकशीला येऊन गेले, तो भाग वेगळा. जनता ही अक्षरंही मी तशीच कोरली होती. डायल बसवली, काटे बसवले, झाकण लावलं. ऑगस्टचा शेवट.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात घड्याळ बंद पडलं.

लोणावळ्याच्या बाजारातल्या घड्याळवाल्या काकांनी भिंग डोळ्याला लावून ते उघडलं. डायलखालच्या पोलादी भागांवर तांबूस गंज आला होता. घासायची मिठाची पेस्ट मी पुढून धुतली होती, मागून आणि मधल्या भोकाच्या कडेला ती राहिली होती. हवेत पंच्याहत्तर टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं, आणि लोणावळ्यात पावसाळ्यात त्याखाली ती येतच नाही. तात्यांच्या मशीनवर मी महिनाभर खारं पाणी सोडलं होतं. काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती जास्त लागली. ते म्हणाले, डायल हाताने केलेली आहे हे उघडल्याबरोबर कळलं. काचेखालची डायल सगळीकडे सारखी कधीच जुनी होत नाही. जिथून दमट हवा शिरते त्या कडेला डाग आधी पडतात, काट्यांखाली रंग टिकतो. तू तिला सगळीकडून एकाच रात्री म्हातारी केलीस. मग विचारलं, हे कोणासाठी? मी गप्प बसलो.

त्यांनी मशीन पूर्ण खोलून पेट्रोलमध्ये धुतलं. दोन भाग बदलावे लागले, ते त्यांनी एका मोडक्या जनतामधून काढून दिले. मशीन वाचलं. मेसचे एका महिन्याचे पैसे गेले.

त्या रात्री मी फाळक्यांचं पुस्तक परत करायला काढलं आणि पुन्हा चाळत बसलो. एक गोष्ट आधी नजरेतून सुटली होती. गोध्र्याचा स्टुडिओ, बडोद्याचा स्टुडिओ, लक्ष्मी प्रेस. या माणसाचं जे गेलं ते गेलं. गेलेल्या वस्तूची नक्कल करून ती जागा भरायच्या मागे तो लागला नाही. दरवेळी हातातलं कसब घेऊन पुढच्या कामाला लागला. रविवर्म्याच्या चित्रांच्या प्रती करायला मदत केली, त्याही प्रती म्हणूनच विकल्या गेल्या. फसवायचं म्हटलं तर त्याने फक्त जादूच्या प्रयोगात फसवलं, आणि तिथे तिकीट काढून आलेल्यांना ते माहीत होतं.

मी चौथी डायल केली. या वेळी अंडं नाही, मीठ धुतलंय की नाही ते डिस्टिल्ड वॉटरने तीनदा बघितलं, वरून लॅकरचा हात दिला. आकडे देवनागरी. जनता लिहिलं नाही, कारण ते माझं नाही. सहाच्या वर बारीक अक्षरात लोणावळा एवढंच कोरलं. तात्यांची मूळ डायल, अक्षरं उडालेली, काडेपेटीत कापसात ठेवली.

दिवाळीला गेलो आणि पहिल्याच दिवशी दोन्ही तात्यांच्या पुढ्यात ठेवली. कापसापासून अंड्यापर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा चढवला, काडेपेटीतली डायल बराच वेळ बघितली. काही बोलले नाहीत. मग घड्याळ उचललं, कानाला लावलं, खिडकीपाशी नेऊन बघितलं आणि म्हणाले, सात वाकडा आलाय. मास्तर ना शेवटी. काडेपेटी त्यांनी कपाटात ठेवली आणि घड्याळ मनगटावर चढवलं. म्हणजे ते मला परत मिळालं नाही. विषय सुटले की बघू, म्हणाले.

या सेमला तीन विषय आहेत. पाचवी डायल कापून ठेवली आहे, सात या वेळी सरळ आहे.

आणि मित्रांनो, पुढच्या वेळी भाजेला जाताना मळवलीला उतरलात तर फलाटावर दोन मिनिटं थांबा. या बाजूला रविवर्म्याचे दगड होते आणि अलीकडे लोणावळ्यात एक छत्तीस वर्षांचा माणूस पत्रा ॲसिडमधून काढून भिंगातून रेघा तपासत होता. पुढे आपल्या हातून काय होणार आहे, याचा त्याला पत्ता नव्हता.

ता. क. फेरिक क्लोराइड वापरून झाल्यावर हॉस्टेलच्या बेसिनमध्ये ओतू नका. दुसऱ्या मजल्यावरच्या बेसिनला पडलेला पिवळा डाग माझा आहे.